मोटार धुणारा फेस

नवरात्राच्या नवव्या दिवशी तंजावरात आयुधपूजा होते. महाराष्ट्रात जिला खंडेनवमी म्हणतात तीच ही. शेतकऱ्याचा नांगर, सुताराची पटाशी, शिंप्याचे शिवणयंत्र, विद्यार्थ्याची पुस्तके, अशी ज्याची त्याची साधने या दिवशी स्वच्छ होऊन पूजेला बसतात. या पंक्तीत मोटारीलाही आता मानाचे स्थान आहे. तिच्या पुढच्या पत्र्यावर चंदनाचे आणि कुंकवाचे ठिपके उमटतात, काचेपुढे झेंडूची माळ डोलू लागते, चाकांखाली लिंबे ठेवली जातात. साहजिकच पूजेच्या आदल्या दिवशी ‘वॉटर सर्व्हिस’ अशी पाटी लावलेल्या धुलाई-केंद्रांपुढे गाड्यांची रांग लागते. व्यंकोजी राजांनी १६७५ च्या सुमारास हस्तगत केलेल्या आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचे राजपद पाहिलेल्या या नगरात मराठी बोलणारी घराणी अद्याप नांदत आहेत. त्यांच्या दारच्या गाड्याही या रांगेत असतात.

रांगेतल्या गाडीची पाळी आली की एक मनोहर दृश्य दिसते. कामगार हातातील नळीचा चाप ओढतो आणि तिच्या तोंडातून पांढऱ्या फेसाचा पंखा उलगडतो. दोन-तीन मिनिटांत सारी गाडी फेसाखाली झाकून जाते. या साधनाला ‘फोम कॅनन’ म्हणजे फेसाची तोफ असे नाव आहे. मोठ्या केंद्रांतून हेच काम चाकांवर बसवलेली पोलादी टाकी आणि हवा दाबणारा काँप्रेसर यांच्याकडून करवून घेतात. घरी वापरण्याजोगी लहान तोफही आता बाजारात सहज मिळते. फेस जितका दाट तितकी गाडी स्वच्छ, अशी पाहणाऱ्याची समजूत होते आणि तो संतुष्ट मनाने पैसे देतो. ही समजूत अर्धीच खरी आहे. फेसाचे काम कोणते आणि ते कोठे संपते, हे ज्याला कळले त्याच्या गाडीचा रंग अनेक वर्षे टिकतो. ज्याला ते कळले नाही तो गाडी धुता धुता आपल्याच हाताने तिचा रंग झिजवत असतो. भाड्याची गाडी चालवून पोट भरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. कारण गाडी विकण्याचा दिवस येतो तेव्हा घेणारा प्रथम रंगाकडेच पाहतो.

धुळीत काय असते?

तंजावरच्या नैर्ऋत्येस वल्लम नावाचे जुने गाव आहे. तेथील स्फटिक फार प्रसिद्ध होते. त्यांना घासून, पैलू पाडून चष्म्याची भिंगे बनवण्याचा धंदा या भागात चालत असे आणि ‘वल्लम कण्णाडी’ या नावाने ते चष्मे ओळखले जात. स्फटिकाची भिंगे नावाजली गेली याचे एक कारण त्यांचा कठीणपणा. खनिजांच्या कठीणपणाची जी दहा पायऱ्यांची मापनश्रेणी आहे तीत स्फटिक सातव्या पायरीवर बसतो, तर साधी काच साडेपाचच्या आसपास राहते. म्हणून काचेवर जेथे ओरखडे उठतात तेथे स्फटिकाचे भिंग तसेच नितळ राहते.

मोटारीच्या मालकाच्या दृष्टीने हाच गुण अवगुण ठरतो. वाळू म्हणजे बव्हंशी याच स्फटिकद्रव्याचे कण होत आणि रस्त्यावरच्या धुळीत ते विपुल असतात. तंजावरच्या हवेत आणखी एका पदार्थाची भर पडते. हा प्रदेश कावेरीच्या खोऱ्यातले भाताचे कोठार आहे. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असतो. ते जाळले असता त्याच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकी राख उरते आणि त्या राखेत शेकडा ८५ ते ९५ इतकी सिलिका असते. स्फटिकही सिलिकेचाच बनलेला असतो. भात-गिरण्यांच्या भट्ट्यांतून तूस जळण म्हणून वापरतात. त्यातली काही राख वाऱ्यावर उडते आणि उभ्या गाडीवर हळूच येऊन बसते.

आता ही धूळ ज्याच्यावर बसते त्या रंगाचा विचार करू. आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर रंगाचे अनेक थर असतात. सर्वांत वरचा थर पारदर्शक लाखेचा असून त्याची जाडी साधारणतः ४० ते ५० मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी असते. गाडीची सगळी चकाकी या एका पातळ थरावर अवलंबून आहे आणि स्फटिकाच्या मानाने तो अतिशय मऊ आहे. कोरड्या फडक्याने धूळ पुसणारा मनुष्य वस्तुतः त्या थरावर पॉलिश-कागदच फिरवत असतो.

असे पुसणे वर्ष-दोन वर्षे चालले की काळ्या गाडीवर ऊन पडताच सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसू लागतात. कामगाराने हात गोल फिरवला म्हणून ती वर्तुळे उमटली, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ओरखडे सर्व दिशांना पडलेले असतात. त्यांपैकी जे प्रकाशाच्या दिशेला आडवे येतात तेच प्रकाश डोळ्यांकडे परतवतात, आणि त्यामुळे प्रतिबिंबाभोवती वर्तुळाचा आभास होतो. डोके हलवले की वर्तुळही हलते, हा त्याचा पुरावा.

या विवेचनातून गाडी धुण्याचा पहिला नियम निघतो. हात किंवा फडके रंगाला लागण्यापूर्वी शक्य तितके कण तेथून निघून गेले पाहिजेत. फेसाची नेमणूक याच कामावर आहे.

फेस म्हणजे काय?

पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरच्या बाजूने धरणारे कोणी नसल्यामुळे ते आतल्या बाजूस ओढले जातात आणि पृष्ठभाग ताणलेल्या पातळ कातड्यासारखा वागतो. याला पृष्ठताण म्हणतात. मेण लावलेल्या पत्र्यावर पाणी पसरत नाही, त्याचे मणी होतात, ते या ताणामुळेच. साबण किंवा तत्सम द्रव्य पाण्यात मिसळले की हा ताण कमी होतो. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन असतो, तो तिसापर्यंत खाली येऊ शकतो.

पृष्ठावर पसरलेल्या पातळ थरांचा पद्धतशीर अभ्यास एका स्वयंपाकघरात झाला, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. जर्मनीतील ब्राउनश्वाइग या गावी राहणाऱ्या ॲग्नेस पॉकेल्स यांना विद्यापीठात शिकण्याची संधी मिळाली नव्हती. घरकाम करताना त्यांनी भांडी धुण्याच्या पाण्याकडे बारकाईने पाहिले, एका पन्हळीत पाणी घेऊन त्याच्या पृष्ठावरील अशुद्धीचा ताणावर काय परिणाम होतो हे मोजले, आणि १८९१ मध्ये ते निष्कर्ष लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवले. रॅले यांनी ते पत्र त्याच वर्षी ‘नेचर’ या पत्रिकेकडे पाठवून प्रसिद्ध करविले. पृष्ठविज्ञानाच्या पायाभूत लेखांत त्याची आज गणना होते.

साबणाचा रेणू दुतोंडी असतो. त्याचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते, दुसरे लांब टोक पाण्यापासून दूर पळते आणि तेलाला बिलगते. गाडीवरच्या तेलकट मळात हे दुसरे टोक रुतते, पहिले टोक पाण्याकडे तोंड करून राहते, आणि मळाचा कण चहूबाजूंनी अशा रेणूंनी वेढला जाऊन पत्र्यापासून सुटतो. धुण्याची क्रिया ती हीच. ती द्रवात घडते. तिला बुडबुड्यांची गरज नाही.

मग बुडबुडे कशासाठी? हेच दुतोंडी रेणू हवेच्या सीमेवरही रांगेने उभे राहतात आणि पाण्याच्या पातळ पडद्याला स्थैर्य देतात. असे असंख्य पडदे एकत्र आले की फेस होतो. बेल्जियमचे शास्त्रज्ञ जोसेफ प्लातो यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या रचनेचे नियम सांगितले आहेत. फेसात पडदे नेहमी तीन-तीन असे एकत्र येतात आणि त्यांच्यामधला कोन १२० अंशांचा असतो. जेथे तीन पडदे मिळतात तेथे एक बारीक पन्हळ तयार होते. फेसातले बहुतेक पाणी या पन्हळींत साठते आणि त्यांतूनच हळूहळू खाली झिरपते.

फेसाचे खरे महत्त्व या मंद झिरपण्यात आहे. उभ्या दारावर नुसते साबणाचे पाणी ओतले तर ते काही सेकंदांत जमिनीवर येते. तेच पाणी फेसाच्या रूपाने लावले तर पाच-पाच मिनिटे पत्र्याला चिकटून राहते, मळाला भिजवते आणि सुटलेले कण घेऊन सावकाश खाली सरकते. आग विझवणाऱ्यांनी फेसाचा हा गुण फार पूर्वी ओळखला. बाकू येथे शिक्षक असलेल्या अलेक्सांद्र लोरान यांनी १९०२ च्या सुमारास पेटत्या तेलावर फेसाचे आवरण पसरण्याची युक्ती काढली, तीही याच तत्त्वावर आधारलेली आहे.

फेस आणि स्वच्छता या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हे घरातल्या अनुभवावरूनही पटते. रिठ्याचा फेस भरपूर होतो, पण इंजिनाच्या तेलाचा डाग त्याने निघेलच असे नाही. उलट, कपडे धुण्याच्या काही यंत्रांसाठी मुद्दाम कमी फेसाची पूड बनवतात आणि तिने कपडे उत्तम निघतात. फेस हे मळापर्यंत द्रव पोहोचवून त्याला तेथे थांबवून ठेवणारे वाहन आहे.

तोफेची रचना

फेसाच्या तोफेत फिरणारा असा एकही भाग नाही. उच्च दाबाच्या पंपातून येणारे पाणी तिच्यातल्या पितळी तोटीच्या बारीक छिद्रातून जाते. या छिद्राचा व्यास साधारणपणे एक ते सव्वा मिलिमीटर असतो. पंपाचा दाब १०० बार असेल तर छिद्रातून सुटणाऱ्या पाण्याचा सैद्धांतिक वेग सेकंदाला सुमारे १४० मीटर, म्हणजे तासाला ५०० किलोमीटर इतका होतो. वेग वाढला की त्या ठिकाणचा दाब घटतो, हा बर्नूली यांचा सिद्धान्त. आणि निरुंद गळ्यातून जाणाऱ्या प्रवाहाच्या या शोषणशक्तीचा अभ्यास इटलीच्या व्हेंचुरी यांनी १७९७ मध्ये प्रसिद्ध केला. घटलेल्या दाबामुळे खालच्या बाटलीतले साबणाचे द्रावण वर ओढले जाते आणि बाजूच्या छिद्रांतून हवा आत शिरते.

पाणी, साबण आणि हवा एकत्र आली, तरी तेवढ्याने दाट फेस होत नाही. मिश्रण नीट घुसळावे लागते. तंजावरच्या कोणत्याही हॉटेलात हे तत्त्व पाहावयास मिळते. तेथे कॉफी देणारा मनुष्य पेल्यातून दवऱ्यात आणि दवऱ्यातून पेल्यात हातभर उंचीवरून धार धरतो, तेव्हा कॉफीवर फेस चढतो. महाराष्ट्रात रवीने ताक घुसळताना हेच घडते. तोफेत रवीचे काम तारेच्या घट्ट जाळीचा एक लहानसा गोळा करतो. त्याच्या असंख्य फटींतून जाताना मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात. बारीक बुडबुड्यांचा फेस मोठ्या बुडबुड्यांच्या फेसापेक्षा अधिक काळ टिकतो.

तोफेला दोन ठिकाणी फिरवण्याची सोय असते. वरचा खिट्टा द्रावणाचे प्रमाण कमी-अधिक करतो आणि पुढचे तोंड झोत अरुंद किंवा पंख्यासारखा रुंद करते. पाण्याचा प्रवाह लहान असलेल्या घरगुती यंत्रावर मोठ्या छिद्राची तोटी बसवली तर दाब पडतो आणि फेस पातळ येतो. अशा वेळी लोक साबण वाढवतात. वास्तविक तेथे लहान छिद्राची तोटी बसवली पाहिजे.

प्रमाणाचा हिशेब

साबणाच्या डब्यावर ‘दहापट पाणी घाला’ असे काही लिहिलेले असते. पण बाटलीत केलेले मिश्रण तोफेत आणखी पातळ होते, हे विसरता कामा नये. पत्र्यावर प्रत्यक्ष काय पडते याचा हिशेब अगदी सोपा आहे.

प्रथम यंत्रातून मिनिटाला किती पाणी येते ते मोजावे. १५ लिटरची बादली अडीच मिनिटांत भरली तर प्रवाह मिनिटाला ६ लिटर झाला. आता एक लिटरच्या बाटलीत १०० मिलिलिटर साबण आणि ९०० मिलिलिटर पाणी घेतले व ती दोन मिनिटांत रिकामी झाली, तर त्या अवधीत यंत्रातून १२ लिटर पाणी गेले. एकूण १३ लिटरमध्ये १०० मिलिलिटर साबण, म्हणजे शेकडा पाऊण भाग. खिट्टा आवळल्यामुळे तीच बाटली चार मिनिटे पुरली, तर २५ लिटरमध्ये १०० मिलिलिटर साबण गेला आणि प्रमाण शेकडा ०.४ वर आले. शेजाऱ्याने सांगितलेले माप आपल्या यंत्राला लागू का पडत नाही, याचा उलगडा या दोन आकड्यांतून होतो. उत्पादकाने पत्र्यावरचे प्रमाण सांगितले असेल तर या रीतीने ते साधता येते; सांगितले नसेल तर कमी साबणाने आरंभ करून गरजेपुरते वाढवीत जावे.

योग्य फेसाची परीक्षा डोळ्यांनी करता येते. दारावर फेस मारून एक मिनिट थांबावे. तो लागलीच ओघळून गेला तर फेस फार ओला आहे. दाढीच्या फेसासारखा जागच्या जागी घट्ट बसून राहिला तर तो फार कोरडा आहे. त्यात हवा पुष्कळ आणि द्रव थोडा आहे, म्हणून तो दिसावयास सुंदर असला तरी मळापर्यंत फारसे काही पोहोचवीत नाही. पत्र्याला धरून राहणारा आणि त्याच वेळी मुंगीच्या गतीने खाली सरकणारा फेस उत्तम. सरकताना त्याचा रंग मळकट होत गेला तर तो आपले काम करीत आहे असे समजावे.

सुफेन आणि दुष्फेन पाणी

ज्या पाण्यात साबणाचा फेस सहज होतो त्याला मराठीत सुफेन आणि ज्यात होत नाही त्याला दुष्फेन म्हणतात. दुष्फेन पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. साध्या साबणाशी त्यांचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो आणि साबण फुकट जातो. मोटारीसाठी विकली जाणारी बहुतेक द्रव्ये कृत्रिम प्रक्षालके असतात. त्यांना हा उपद्रव कमी होतो, तरी त्यांचाही फेस अशा पाण्यात खालावतो.

पाण्याची परीक्षा घरीच करता येते. दोन सारख्या बाटल्या घेऊन एकीत साठवलेले पावसाचे पाणी आणि दुसरीत कूपनलिकेचे पाणी अर्धे अर्धे भरावे, प्रत्येकीत साध्या साबणाच्या द्रावणाचे दहा थेंब टाकावे आणि दोन्ही सारख्याच हलवाव्या. दोहोंच्या फेसातला फरक तत्काळ दिसेल. तंजावरात बृहदीश्वराच्या देवळाजवळ असलेल्या शिवगंगा तळ्याच्या पाण्याची गोडी पूर्वापार वाखाणली गेली आहे. आकाशातून तळ्यात उतरणारे पाणी आणि खोल जमिनीतून उपसलेले पाणी यांत क्षारांच्या दृष्टीने मोठे अंतर असू शकते.

दुष्फेन पाण्याचा दुसरा त्रास धुणे संपल्यावर उद्भवतो. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम कठीणता असलेले एक लिटर पाणी पत्र्यावर आटले तर सुमारे पाव ग्रॅमहून अधिक क्षार मागे राहतात. प्रत्येक थेंबाच्या कडेला त्यांचे पांढरे कडे उमटते, आणि उन्हात ते वारंवार भाजले गेले की लाखेत खोल रुतते. म्हणून शेवटचे खळबळणे शक्य तर पावसाच्या किंवा क्षार काढलेल्या पाण्याने करावे; ते नसेल तर पाणी आटण्यापूर्वीच गाडी टिपून घ्यावी.

ऊन, सावली आणि कामाचा क्रम

तंजावरात मे महिन्यात पारा ३७-३८ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या गडद रंगाच्या पत्र्यावर हात ठेववत नाही. अशा पत्र्यावर फेस मारला तर त्यातले पाणी उडून जाते आणि साबण व मळ यांचा एकत्र थर वाळून बसतो. तो थर मूळ मळापेक्षा काढावयास अवघड असतो. म्हणून गाडी सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर, सावलीत, पत्रा हाताला थंड लागत असताना धुवावी.

कामाचा क्रम असा ठेवावा. चाके आणि त्यांच्या वरच्या कमानी प्रथम धुवाव्या, कारण सर्वांत जाड मळ तेथे असतो आणि तो नंतर उडवला तर धुतलेल्या भागावर येतो. अंगावर सुटी धूळ किंवा चिखल असेल तर साध्या पाण्याच्या रुंद झोताने तो आधी काढावा, आणि पाणी निथळू द्यावे. पत्र्यावर पाणी साचले असेल तर फेस आणखी पातळ होतो. झोत पत्र्यापासून निदान एक फूट दूर धरावा. रंगाचा टवका उडाला असेल तेथे, दारांच्या रबरी पट्ट्यांवर आणि टायरच्या भिंतीवर तो जवळून कधीही मारू नये.

फेस खालून वर मारीत जावा. दारांचा खालचा भाग सर्वांत मळलेला असतो, त्याला यामुळे भिजावयास अधिक वेळ मिळतो. चार-पाच मिनिटे थांबावे. पण कडा वाळू लागल्या असे दिसताच घड्याळाकडे न पाहता धुऊन टाकावे. धुताना मात्र वरून खाली यावे, म्हणजे सुटलेला मळ एकदा धुतलेल्या जागेवर परत येत नाही.

इतके झाल्यावर पुष्कळसे सुटे कण गेलेले असतात, परंतु पत्र्यावर एक पातळ तेलकट पापुद्रा बहुधा उरतो. कितीही उत्तम फेस असला तरी तो एकट्याने हा पापुद्रा पूर्णपणे काढू शकत नाही, हे स्वच्छपणे सांगितले पाहिजे. येथे हाताचे काम सुरू होते. लांब तंतूंचा मऊ हातमोजा आणि दोन बादल्या घ्याव्या. एकीत साबणाचे पाणी, दुसरीत साधे. एक भाग धुतला की मोजा साध्या पाण्यात खळबळून मगच साबणात बुडवावा. हात सरळ रेषेत, दाब न देता फिरवावा. छतापासून आरंभ करून खालच्या पट्ट्या शेवटी घ्याव्या. जमिनीवर पडलेला मोजा किंवा फडके चांगले धुतल्यावाचून परत वापरू नये. एक वाळूचा कण सगळ्या श्रमांवर पाणी फिरवतो.

हे पाणी जाते कोठे?

वरील हिशेबाप्रमाणे फेसाला १३ लिटर पाणी लागले. आधीचे आणि नंतरचे खळबळणे मिळून मिनिटाला ६ लिटर या मापाने पाच-सहा मिनिटे धरली तर ३० ते ३६ लिटर, आणि दोन बादल्यांचे २० लिटर. एकूण ७० लिटरच्या आत गाडी धुऊन होते. उघडी रबरी नळी मिनिटाला १५ लिटरच्या मापाने दहा मिनिटे वाहत ठेवली तर तेवढ्यातच १५० लिटर जातात.

कावेरीच्या खोऱ्यात या आकड्यांना अर्थ आहे. मेट्टूर धरणातून भातशेतीसाठी १२ जूनला पाणी सोडण्याची रीत आहे. ज्या वर्षी धरणात साठा पुरेसा नसतो त्या वर्षी ही तारीख पुढे जाते आणि सारा शेतकरीवर्ग आकाशाकडे डोळे लावून बसतो. ज्या कल्लणै बंधाऱ्याचे श्रेय परंपरेने करिकाल चोळ राजाला दिले जाते, तेथून निघणारा मोठा कालवा १९३४ मध्ये मेट्टूर योजनेबरोबर पुरा झाला. तो तंजावर शहराच्या मधून वाहतो आणि लोक त्याला ‘पुदु आरु’, म्हणजे नवी नदी, म्हणतात. शहरातल्या गटारात सोडलेले साबणाचे पाणी अखेर अशाच कोणत्या तरी प्रवाहाचा रस्ता धरते, आणि त्याच पाण्यावर खालच्या गावांची शेते उभी असतात.

प्रक्षालकांचा फेस नद्यांवर तरंगू लागला म्हणजे काय होते हे जगाने पाहिले आहे. १९५० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर दिसू लागले. त्या वेळच्या प्रक्षालकांच्या रेणूंना फांद्या होत्या आणि त्या रेणूंचे विघटन करणे जिवाणूंना जड जाई. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये याविरुद्ध कायदा केला, तो १९६४ पासून अमलात आला. अमेरिकेतील कारखानदारांनी १९६५ पर्यंत सरळ साखळीचे रेणू स्वीकारले. हे नवे रेणू जिवाणू खाऊ शकतात, पण त्याला हवा आणि वेळ लागतो. ही दोन्ही न मिळता प्रक्षालके आणि सांडपाणी जलाशयात गेले की फेस पुन्हा उभा राहतो. बंगळूरच्या बेळंदूर तलावाचा फेस २०१५ मध्ये रस्त्यांवर उडत होता आणि दिल्लीजवळ यमुनेवर त्याचे थर वारंवार दिसले आहेत. विघटन होण्यापूर्वी हीच द्रव्ये माशांच्या कल्ल्यांना अपाय करतात.

यासाठी गाडी नदीत किंवा कालव्यात उतरवून धुण्याची सवय सोडली पाहिजे. अंगणातल्या गवतावर किंवा उघड्या मातीवर धुतल्यास पाणी मुरते आणि मातीतले जिवाणू साबणाचा बंदोबस्त करतात. धुलाई-केंद्रांनी वाळू आणि तेल अडवणारी टाकी बांधावी. साबण हिशेबाने घ्यावा हा सल्ला केवळ काटकसरीचा नाही, हे यावरून ध्यानात येईल.

पूजेच्या नंतर

आयुधपूजा आटोपली की गाडीवर चंदन, कुंकू आणि हळद यांचे ठिपके वाळून बसतात. ते नखाने किंवा कोरड्या फडक्याने खरवडू नयेत. त्यांत बारीक पूड असते. ओले फडके त्यांवर काही मिनिटे ठेवावे, थोडा फेस मारावा आणि मऊ झाल्यावर धुऊन टाकावे. हळदीचा रंग जितका लवकर काढावा तितका बरा.

आणि ज्या दिवशी सर्व आयुधांची निगा राखावयाची त्या दिवशी फेसाची तोफही विसरू नये. काम झाल्यावर बाटलीत साधे पाणी भरून ते मिनिटभर तोफेतून जाऊ द्यावे. साबण आत वाळला किंवा दुष्फेन पाण्याचे क्षार जाळीत साचले की फेस दिवसेंदिवस पातळ होत जातो आणि दोष साबणाला दिला जातो. अशी जाळी सौम्य शिरक्यात काही वेळ बुडवून ठेवली तर क्षार विरघळतात. जाळी धुऊन, तोफ निथळून सावलीत ठेवली म्हणजे पुढच्या खेपेस खिट्टा पूर्वीच्याच खुणेवर ठेवून पूर्वीसारखाच फेस मिळतो.